मखमलाबादला दोघींसाठी छोटं घर: दोन बेडरूम, एक व्हीलचेअर. नकाशावर मतं हवीत

रानजाई

नमस्कार मंडळी,

बाबांनी घेऊन ठेवलेला नाशिकच्या मखमलाबाद शिवारातला तीन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट आता बांधायला काढतेय. राहणार दोघीच, मी आणि आई. आईला पक्षाघात होऊन गेलाय, डावी बाजू अधू आहे. घरात वॉकर धरून चालते, बाहेर व्हीलचेअर. उद्या घरातही खुर्ची लागेल हे धरूनच बांधायचं आहे. सध्या इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर आहोत, लिफ्ट नाही. आई खाली उतरते ती दवाखान्यापुरती, तेही दोन माणसांनी खुर्ची उचलली तर.

घर लहानच हवंय. पैसा हे एक कारण, पण त्याहून मोठं म्हणजे झाडायला-पुसायला मी एकटी. आधी ते 'टायनी होम'चे व्हिडिओ भरपूर बघितले. अमेरिकेच्या बांधकामाच्या मॉडेल कोडमध्ये (नमुना नियमावलीत) माळा सोडून ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला टायनी हाउस म्हणतात. म्हणजे त्यांची दुसरी बेडरूम बहुतेक वेळा शिडीवर असते! ती आमच्या काय कामाची? म्हणून माळा बाद आणि आकडा थोडा वाढवला.

आतली मापं, भिंती वगळून: १८ फूट खोल, ३० फूट लांब, ५४० चौरस फूट. लांबी पूर्व-पश्चिम, रस्ता उत्तरेला. मधोमध हॉल ११ बाय १८, मुख्य दार उत्तरेला, मागचं दार दक्षिणेला. हॉलच्या पूर्वेला आईची खोली १०.५ बाय ११ आणि तिला लागून बाथरूम ७ बाय ७.५. उरलेल्या ३ बाय ७ मध्ये बाहेरून उघडणारी धुण्याची मोरी. हॉलच्या पश्चिमेला माझी खोली ८.५ बाय ११ आणि हॉलकडे उघडं स्वयंपाकघर ८.५ बाय ७. पॅसेज कुठेच नाही. सध्याच्या नकाशात बाथरूम उत्तरेला आणि आईची खोली दक्षिणेला आहे. बाथरूमचं दार हॉलमध्ये.

एक आर्किटेक्ट गाठले होते. त्यांनी ९०० फुटांचा नकाशा काढून दिला, वर 'अपंगांसाठी बाहेर एक रॅम्प टाकू' म्हणाले. बाथरूमचं दार अडीच फुटी! म्हणून इथे आले.

---

ठोकताळा

रानजाई, पॅसेज काढून टाकलास हेच निम्मं काम झालं. साडेतीन फुटी पॅसेजमध्ये खुर्ची सरळ जाते पण वळत नाही, म्हणजे जागा जाते आणि उपयोग शून्य. खुर्ची जागेवर पूर्ण फिरायला १५०० मिलिमीटर, म्हणजे पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. प्रत्येक खोलीत फर्निचर मांडल्यावर एक तरी असं वर्तुळ बसतंय का, तेवढं बघ. नकाशाच्या मापाचा पाच फुटी पुठ्ठ्याचा गोल काप आणि सरकवत जा.

नियमांचं म्हणशील तर राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे दोन खोल्यांचं घर असेल तर एक खोली किमान ९.५ चौ.मी. आणि दुसरी ७.५ चौ.मी. हवी. तुझ्या दोन्ही खोल्या त्यात आरामात बसतात. मंजुरीला मात्र आपल्याकडे राज्याची एकत्रित नियमावली (यूडीसीपीआर, २०२०) लागू आहे. सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून घर किती आत हवं ती, त्यावरून तपासून घे.

---

डबेवाला_इंजिनियर

कंटेनर का नाही? दोन महिन्यांत घर उभं. आमच्या ओळखीत एकाने त्र्यंबक रोडला ४० फुटी कंटेनर टाकलाय, एसीसकट झकास.

---

ठोकताळा

कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर, म्हणजे पावणेआठ फुटांच्या आत-बाहेर. दोन्ही बाजूंनी इन्सुलेशन आणि पॅनेल लावलं की सात-सव्वासात उरतात. त्यात तीन फुटी कॉट ठेव आणि मग पाच फुटांचं वर्तुळ काढून दाखव. दोन कंटेनर जोडून मधली भिंत कापली तर जमतं, पण मग पत्रा कापायचा, आतून गर्डर द्यायचे, छताचा सांधा गळू नये म्हणून देवाचा धावा करायचा. शिवाय एप्रिल-मेमध्ये तो लोखंडी डबा किती तापतो ते तुझ्या मित्राला एसी बंद असताना विचार.

---

चाकवाली

मी स्वतः बारा महिने खुर्चीवर असते, त्यामुळे पुस्तकातलं नाही, रोजचं सांगते.

दारं. सगळी दारं, मागचं आणि बाथरूमचंसुद्धा, उघडल्यावर ९०० मिलिमीटर मोकळी मिळाली पाहिजेत. मिस्त्रीला 'तीन फुटी दार' सांगितलंस तर तो चौकटीसकट तीन फूट धरेल. चौकटीचे दोन्हीकडचे अडीच-अडीच इंच आणि उघड्या फळीची जाडी गेली की हातात राहतात २९ इंच. मग बोटांची सालपटं निघतात. बांधकामात ओपनिंगच साडेतीन फूट सोडायला सांग. बाथरूमला सरकतं दार, वरच्या रुळावर लटकणारं. जमिनीत रूळ अजिबात नको, चाक अडकतं आणि घाणही साठते.

कड्या. आपल्याकडे कडी दाराच्या वरच्या टोकाला असते, तिथे माझा हात जन्मात पोचत नाही. मधली कडी लाव, आणि बाथरूमची अशी की वेळ आली तर बाहेरून उघडता यावी. गोल मुठी नकोत, आडवी दांडी हवी. ती एका हाताने, कोपरानेही दाबता येते. तुझ्या आईंना एकच हात आहे हे प्रत्येक वस्तू घेताना डोक्यात ठेव.

बटणं साडेतीन फुटांवर, प्लग जमिनीपासून दीड फुटाच्या वर. पलंगाजवळ टू-वे बटण. अंधारात दिवा लावायला खुर्चीवर बसायचं आणि मग भिंतीपर्यंत जायचं, हे मी पुष्कळ केलंय.

खिडकीचा कट्टा दोन फुटांवर. बहुतेक घरांत तीन-सव्वातीनवर असतो, मग बसलेल्या माणसाला फक्त आभाळ दिसतं. मला आभाळाचा राग नाही, पण रस्त्यावर कोण चाललंय तेही कळू दे की.

---

पेन्शनर_नाशिकरोड

रानजाईताई, प्रयत्न स्तुत्य आहे. पण बाथरूम ईशान्येच्या अंगाला येते आहे. शास्त्राप्रमाणे ते योग्य नाही. दुसरे असे की नकाशात उंबरठा कुठेच दिसत नाही. लक्ष्मीच्या घराला उंबरठा हवाच.

---

गोदाकाठचा

झालं, वास्तू आली. आता धागा शंभरी गाठणार :)

---

विटकरी

वास्तूचं सोडा, पण काकांचा मुद्दा वेगळ्या कारणाने बरोबर आहे. बाथरूम उत्तरेला ठेवलीत तर तिला ऊन मिळणार नाही. दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं, फरशी लवकर वाळते. ओली फरशी आणि अधू पाय हे समीकरण तुम्हाला सांगायला नको. आईंची खोली उत्तरेला घ्या, बाथरूम आणि मोरी दक्षिणेला. कपडे वाळायचीही सोय झाली. काका खूश, फरशी कोरडी.

आता माझ्या धंद्याचं बोलतो. मखमलाबादची माती काळी. द्राक्षाला चांगली, घराला नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जाईल एवढी. साध्या घरात याने भिंतींना तडे जातात. तुमच्या घरात त्याहून वाईट होईल ते असं: फरशीचा एखादा पट्टा अर्धा इंच वर येतो. चालणाऱ्याला तो जाणवतही नाही, वॉकरचा पाय मात्र तिथेच अडतो. म्हणून आधी माती तपासून घ्या. मुरूम जवळ लागला तर काळी माती सगळी काढून मुरमापर्यंत जा. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब. ही पद्धत रुरकीच्या सीबीआरआयने अशाच मातीसाठी विकसित केली आहे. फरशीखाली चांगला मुरूम भरून, पाणी मारून, थराथराने दाबून घ्या. तिथे कंजूषी नको.

आणि रॅम्प. बहुतेक ठिकाणी घर झाल्यावर रॅम्प 'चिकटवतात'. घराचा पाया खोल, रॅम्प मातीवर. दोन पावसाळे गेले की रॅम्प खचतो आणि बरोबर दाराच्या तोंडाशी एक पायरी तयार होते. रॅम्पचा स्लॅब प्लिंथ (जोत्याच्या) बीममधून सळ्या काढून बांधून घ्या, म्हणजे ते टोक तरी घरासोबत राहील.

---

रानजाई

@विटकरी, सळ्यांचं कोणीच सांगितलं नव्हतं. बाथरूम-खोलीची अदलाबदल आजच करते. रॅम्प किती लांब होईल? प्लिंथ दीड फूट धरलीय.

---

विटकरी

उतार १:१२, म्हणजे एक इंच चढायला एक फूट. १८ इंचांना १८ फूट, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट. १:१२ हा कमाल उतार आहे, आरामाचा नाही. तुम्ही एकट्याने खुर्ची ढकलणार असाल तर १:१२ वर दम लागतो.

माझं मत, रॅम्प करूच नका. प्लॉट तीन गुंठे म्हणजे सव्वातीन हजार फुटांच्या आसपास, घर सहाशे. अंगण भरपूर आहे. रस्त्याची आणि प्लॉटची लेव्हल काढा. प्लिंथ रस्त्यापेक्षा एक फूट वर राहिली तर फाटकापासून बाजूने वळसा घेत १:२० ची साधी पायवाट करा, २० फुटांत वर पोचता. ती रॅम्पसारखी दिसतही नाही. दोन्ही कडांना तीन-चार इंची कठडा द्या म्हणजे चाक उतरणार नाही, एका बाजूला जास्वंद लावा.

---

गोदाकाठचा

प्लिंथ कमी करायच्या आधी पाणी कुठून येतं ते बघा. २०१९ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडालेला सगळ्यांनी पाहिलाय. मखमलाबाद वरच्या अंगाला आहे हे खरं, पण नुसती गोदावरीच नाही, नालेही फुगतात. निळी आणि लाल पूररेषा महापालिकेत बघून घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलंत तर तो नकाशापेक्षा नेमकं सांगेल.

आमचा वाडा जुन्या नाशकात आहे. जोतं कमरेएवढं उंच, दिंडी दरवाजात वाकून जायचं, आत प्रत्येक खोलीला उंबरा. ज्याने बांधला त्याचं पुराचं गणित पक्कं होतं, म्हातारपणाचं नव्हतं. आजीची शेवटची वर्षं माजघरातच गेली.

---

ठोकताळा

उंबरठ्याचा तोडगा आहे. दारात पितळी पट्टी किंवा काळ्या दगडाची पट्टी फरशीच्या सपाटीत बसवा. हळदकुंकू वाहता येतं, रांगोळीही काढता येते, चाक मात्र अडत नाही. पण सपाट दार म्हणजे पावसाचं पाणी सरळ आत. त्यासाठी दारावर पाच फूट खोल पोर्च, आणि दारासमोर पूर्ण रुंदीची जाळीची नाली. जाळीच्या फटी आडव्या हव्यात, जाण्याच्या दिशेने असल्या तर पुढचं छोटं चाक त्यात बसतं.

बाथरूमलाही हेच. आपला गवंडी सवयीने बाथरूमची फरशी इंचभर खाली घेतो आणि वर दगडाची पट्टी लावतो. त्याला पहिल्या दिवशीच सांगा की हॉलची आणि बाथरूमची फरशी दारात एका पातळीत. तळमजला असल्याने खालचं कोबाकाम त्या भागात आधीच खोल घेता येतं. उतार आतल्या कोपऱ्यातल्या लांब जाळीकडे, ५० ला १ पेक्षा जास्त नको, नाहीतर खुर्ची आपोआप सरकते. टाइल किमान आर-११ची घ्या, हा न घसरण्याचा दर्जा. दुकानदार 'अँटीस्किड' म्हणून काहीही देतो, खोक्यावरचा आकडा वाचा.

अजून एक. बाथरूमचं दार हॉलमध्ये आहे ते आत्ता ठीक. पण आईची खोली आणि बाथरूम यांच्या भिंतीत आजच साडेतीन फुटांचा लिंटेल (दारावरची काँक्रीटची तुळई) टाकून ठेव, खाली विटा भरून टाक. पुढे आई जास्त थकल्या तर त्या विटा काढल्या की खोलीतून थेट दार. स्लॅबला, बीमला काही धक्का नाही. तेवढ्या भागातून पाइप आणि वायर मात्र नेऊ नकोस.

---

सावकाश_चाला

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाथरूमबद्दल सगळे टाइल्स बोलताहेत, कमोडची बाजू कोणी विचारली नाही.

पक्षाघाताच्या माणसाला खुर्चीतून दुसरीकडे सरकताना चांगल्या बाजूकडे सरकणं सोपं जातं. आईंची उजवी बाजू चांगली. म्हणून कमोडवर बसल्यावर उजव्या हाताला भिंत आणि तिच्यावर आडवा दांडा हवा. कमोडचा मध्य त्या भिंतीपासून दीड फूट. डाव्या बाजूला खुर्ची लावायला तीन फूट मोकळे, म्हणजे येताना त्या उजवीकडे सरकतील. पण परत खुर्चीत जाताना अधू बाजूकडे जावं लागतं, तिथेच पडायची भीती. त्यासाठी डावीकडे वर दुमडणारा दांडा लावा, आणि सुरुवातीला तुम्ही सोबत असा. जेट स्प्रे उजव्या हाताला. सीटची उंची १८-१९ इंच, खुर्चीच्या गादीच्या बरोबरीला येईल अशी.

पलंगालाही हाच नियम. उजवीकडून उतरता आलं पाहिजे, त्या बाजूला पाच फूट मोकळे. डावी बाजू भिंतीला लागली तरी चालेल.

आणि शक्य असेल तर दांड्याची नेमकी उंची आईंना बसवून ठरवा. पुस्तकी उंची सरासरी माणसाची असते.

---

विटकरी

दांड्याबद्दल महत्त्वाचं. भिंत एएसी ब्लॉकची (सच्छिद्र सिमेंटच्या विटांची) असेल तर दांडा त्यात टिकत नाही. ब्लॉक हलका आणि भुसभुशीत, अख्ख्या माणसाचं वजन एका झटक्यात आलं की फास्टनर ब्लॉकसकट बाहेर. बाथरूमच्या भिंती पक्क्या लाल विटांच्या सहा इंची करा, किंवा दोन ते तीन फूट उंचीच्या दरम्यान काँक्रीटचा पट्टा ओतून घ्या, सगळ्या बाजूंनी. मग आज एक दांडा लावा, उद्या चार. बाकी घराला एएसी चालेल, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, उन्हाला बरं पडतं.

---

चाकवाली

ओट्याबद्दल कोणी बोललं नाही, म्हणजे इथे बाप्ये जास्त :)

रानजाई, आई स्वयंपाकघरात काही करतात का?

---

रानजाई

हो, आणि तेच टिकवायचंय. उजव्या हाताने भाजी निवडते, ताटलीत खिळे ठोकलेल्या फळीवर बटाटा रोवून सोलते. फोडणी तिच्याच देखरेखीखाली होते, मला कळत नाही म्हणे.

---

चाकवाली

मग सगळा ओटा खाली घेऊ नकोस, तुझी कंबर जाईल. तुझ्यासाठी ३४ इंच, आणि एल आकाराच्या छोट्या बाजूला तीन फुटांचा तुकडा ३० इंचांवर, खाली पूर्ण मोकळा. गुडघे जायला २७ इंच स्वच्छ मिळाले पाहिजेत, म्हणजे खाली कडाप्प्याचा उभा आधार नको, भिंतीतून लोखंडी ब्रॅकेट काढ. फोडणीसाठी त्या तुकड्यावर एक इंडक्शनची शेगडी. ज्योत नाही, पदर पेटायची भीती नाही. पण तापलेलं भांडं मांडीवर घेऊन जाण्याची वेळ येऊ नये म्हणून शेगडीपासून सिंकपर्यंत दगड सलग ठेव. तिथला सिंक होईल तेवढा उथळ, आणि पाइप मागे भिंतीलगत.

आणि देवघर? ते भिंतीवर चार फुटांवर लटकवतात. ते पण ३० इंचांवर घे, खाली मोकळं.

---

पेन्शनर_नाशिकरोड

देवघराची सूचना उत्तम. आमच्या सौ. गुडघ्यांमुळे हल्ली उभ्यानेच पूजा करतात. सुताराला उद्याच बोलावतो. सपाट उंबरठाही पटला.

---

डबेवाला_इंजिनियर

माघार घेतो कंटेनरमधून. पण माळा अजिबात नाही तर सामान कुठे? गाद्या, कुलर, गणपतीची आरास, पिंप?

---

रानजाई

माझ्या खोलीच्या पश्चिम भिंतीला पूर्ण दोन फुटांचं कपाट. सामानही मावतं आणि उन्हालाही आडोसा. पश्चिमेला खिडकी नाहीच. वरचे खण माझे, चार फुटांच्या खालचे आईचे. पिंप अंगणात.

अपडेट: काल प्लॉटवर फक्कीने (पांढऱ्या भुकटीने) पूर्ण घर आखून घेतलं, खऱ्या मापात. विटकरींच्या सूचनेप्रमाणे बाथरूम दक्षिणेला. आईला खुर्चीसकट घेऊन गेले, भाच्याने ढकललं. काळ्या ढेकळांवरून चाकं जाईनात म्हणून प्लायवूड अंथरलं. कमोडच्या जागी प्लॅस्टिकची खुर्ची, पलंगाच्या जागी बाज. दोन गोष्टी कळल्या. आईच्या खोलीचं दार कोपऱ्यात होतं, तिथे खुर्चीचे पायटे (पाय टेकवायच्या पट्ट्या) भिंतीला लागत होते. दार दीड फूट अलीकडे घेतलं, आता खुर्ची सरळ आत येते. दुसरं, तिने पलंगाची दिशाच फिरवली. तिला झोपल्या झोपल्या फाटक दिसायला हवंय, 'कोण आलं ते मला आधी कळायला पाहिजे'. त्यामुळे उत्तरेची खिडकी मोठी झाली आणि उशी पश्चिमेला गेली. उजवी बाजू तरीही मोकळीच राहते, तपासलं. माती तपासणारे येत्या आठवड्यात येताहेत.

@ठोकताळा, एवढ्या मोठ्या खिडकीला ग्रिल कसं करावं?

---

ठोकताळा

उभ्या गजांचं, मधे आडवी पट्टी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येणार नाही असं. म्हणजे साडेतीन ते चार फुटांच्या दरम्यान काही नको. आणि ग्रिलचा एक भाग आतून उघडणारा ठेव. आग लागली किंवा दार अडकलं तर बाहेर पडायला दुसरी वाट त्या खोलीला नाही.

मिस्त्री ठरवलास का? सिंहस्थाच्या कामांमुळे चांगल्या टोळ्या आधीच अडकल्यात, आत्तापासून बोलून ठेव.

---

विटकरी

मिस्त्रीचं मी बघतो, ताई. संदेश केलाय. माती तपासणीचा कागद आला की पाठवा, त्याआधी पायाची सळई घेऊ नका.